‘राँग आन्सर’ आला की लगेच पुन्हा सबमिट दाबू नका

सात रस्त्याजवळच्या माझ्या शिकवणीत परवा एका मुलीनं कोडिंगच्या सरावाच्या साइटवर एकच जावा प्रोग्राम अकरा वेळा सबमिट केला. अकराही वेळा ‘राँग आन्सर’, म्हणजे उत्तर चूक. “सर, साइटच गंडलीय.” साइटला काही झालं नव्हतं. तिच्या प्रोग्रामची पहिलीच ओळ ‘एंटर द नंबर’ असं छापत होती.

ही कॉलेजच्या प्रॅक्टिकलची सवय. एक्स्टर्नलसमोर ते बरं दिसतं. कोडशेफ, हॅकररँक किंवा कोडफोर्सेससारख्या सरावाच्या साइटवर मात्र समोर माणूस नसतो. तुमचं आउटपुट अपेक्षित आउटपुटशी ताडून बघितलं जातं. ‘द आन्सर इज 25’ नको, नुसतं 25 हवं.

ती ओळ काढली. नमुन्याची टेस्ट पास झाली, पोरगी खूश, आणि पुढच्या टेस्टला पुन्हा लाल. गणित साधं होतं: दिलेल्या आकड्यांची बेरीज. पण आकड्यांची संख्या 1 लाखापर्यंत आणि प्रत्येकाची किंमतही 1 लाखापर्यंत, म्हणजे बेरीज 1,000 कोटींपर्यंत जाऊ शकते. जावातल्या ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात मावतात जेमतेम 2,14,74,83,647. त्यापुढं तो एरर देत नाही, गपचूप गुंडाळतो, म्हणजे भलताच आकडा देतो. 1,000 कोटींच्या जागी तिला मिळत होते 1,41,00,65,408. उणे आकडा आला असता तर निदान शंका तरी आली असती! बेरजेचं व्हेरिएबल ‘लाँग’ (मोठे आकडे मावणारा प्रकार) केलं आणि काम झालं. म्हणून प्रश्नाखालच्या मर्यादा आधी वाचा. मुलं नेमकं तेच सोडून देतात.

‘टाइम लिमिट एक्सीडेड’, म्हणजे दिलेल्या वेळेत प्रोग्राम संपला नाही, असं आलं की नेटला शिव्या घालणारे बरेच. अहो, प्रोग्राम त्यांच्या सर्व्हरवर चालतो. तुमचं नेट आमच्या नळासारखं चार दिवसांनी आलं तरी निकालात फरक पडत नाही. लूपमध्ये लूप असेल तर 1 लाख आकड्यांना 1,000 कोटी फेऱ्या होतात. सी प्लस प्लससुद्धा सेकंदाला ढोबळमानानं 10 कोटी साध्या क्रिया उरकतं. पायथन त्याहून बराच हळू. इथं पद्धतच बदलावी लागते.

एका फाइलमध्ये अनेक टेस्ट असतील तर बेरीज दर वेळी शून्यावर आणायला विसरू नका. पहिलं उत्तर बरोबर आणि पुढची सगळी चूक आली, की आधी इथंच बघा.

सबमिट करण्याआधी वहीत तीन इनपुट लिहून हातानं उत्तर काढा: एकच आकडा, सगळे शून्य किंवा उणे, आणि मर्यादेतलं सगळ्यात मोठं. आयसीपीसी या कॉलेजच्या मुलांच्या प्रोग्रामिंग स्पर्धेच्या नियमांत पुढं सुटलेल्या प्रश्नावरच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनला 20 मिनिटांचा दंड असतो, तेव्हा ही सवय कामाला येते.

अगदी नवखे असाल तर कोडिंगबॅट या सरावाच्या साइटपासून सुरू करा. तिथं इनपुट-आउटपुटची भानगडच नाही. फंक्शन लिहायचं, की अपेक्षित उत्तर आणि तुमचं उत्तर शेजारी-शेजारी दिसतं. जावा आणि पायथन दोन्ही आहेत.