संडास तुंबला तर आधी चेंबरचं झाकण उघडा

मी वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीच्या गावांत गवंडीकाम करतो. संडास तुंबला म्हणून बोलावणं येतं, तोवर घरच्यांनी बहुतेक वेळा अ‍ॅसिडची बाटली ओतून टाकलेली असते. कृपा करून ते करू नका. अ‍ॅसिडने आत अडकलेलं फडकं गळत नाही, पण खड्ड्यात मैला कुजवणारे जंतू मरतात. त्यावर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली, तर निघणारा वायू थेट छातीत जातो.

आधी अडलं कुठे ते पाहा. संडासामागच्या चेंबरचं, म्हणजे भांडं आणि खड्डा यांच्या मधल्या लहान हौदाचं, झाकण सबलीने उचला आणि घरातल्या कोणाला आतून थोडं पाणी टाकायला सांगा. भांडं भरलेलं आणि चेंबर कोरडं, म्हणजे बोळा ट्रॅपमध्ये (भांड्याखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) किंवा मधल्या पाइपात आहे. चेंबरच तुडुंब असेल तर भांड्याशी झटून उपयोग नाही, अडचण पुढे आहे.

ट्रॅपसाठी बांबूची लवचीक कमची घ्या, टोकाला फडकं घट्ट बांधा आणि आतबाहेर करा. नुसतं ढकलू नका, त्याने बोळा आणखी पुढे जाऊन रुततो. मागे ओढताना तो सुटतो. लोखंडी सळई घातली तर ट्रॅप फुटतो, मग फरशी उखडावी लागते. माझ्या हाताला बहुतेक काय लागतं? खर्ऱ्याच्या पन्न्या, पॅड आणि लहान मुलांनी टाकलेले दगड. आपल्या गावच्या संडासात तीव्र उताराचं भांडं आणि फक्त २० मिलिमीटर पाण्याचा ट्रॅप असतो, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात मैला जावा. त्यात पन्नी कशी निघणार? दाराशी एक डबा ठेवा.

तुंबलं नाही, नुसता वास येतो? घर बरेच दिवस बंद असेल तर ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, एक लोटा ओता. तरी वास राहिला तर चेंबरच्या झाकणाच्या फटी सिमेंटच्या मसाल्याने बुजवा.

आता पावसाळा. या दिवसांत सगळ्यात जास्त घरं अडतात, आणि चूक बहुतेक वेळा संडासाची नसतेच. काळी माती भिजली की फुगते, मग खड्ड्यातलं पाणी जिरत नाही. झड लागली की भांडं हळू उतरतं आणि उघाड पडली की चार-आठ दिवसांत सुधारतं, तर खड्डा खोदत बसू नका. पन्हाळीचं आणि न्हाणीचं पाणी त्यात जातं का ते पाहा. जात असेल तर न्हाणीला वेगळा शोषखड्डा करा आणि संडासाच्या खड्ड्याभोवती मातीचा भर घाला, म्हणजे अंगणातलं पाणी आत उतरणार नाही.

उन्हाळ्यातही चेंबर भरलेलंच राहिलं, तर खड्डा खरोखर भरला आहे. आत कोणी उतरायचं नाही, शिडी लावून नाही, दोरी बांधूनही नाही. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि वाचवायला गेलेलाही जातो. मैला हाताने उपसून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. तळाशी प्लास्टर केलेलं टाकं असेल तर उपसा करणारा टँकर बोलवा.

दोन खड्डे असतील तर काम सोपं आहे. चेंबरमध्ये पाण्याला दोन वाटा असतात. भरलेल्या खड्ड्याची वाट वीट आणि चिखलाने बंद करा, दुसरी मोकळी करा. कित्येक घरी ही वीट कधी बसवलेलीच नसते, म्हणून दोन्ही खड्डे बरोबरच भरतात. बंद केलेला खड्डा पूर्ण दोन वर्षं उघडू नका. त्यानंतर उन्हाळ्यात कोरडं, वास नसलेलं सोनखत मिळतं, ते बांधावरच्या झाडांना घाला. वीट बसवली त्याच दिवशी झाकणावर ओल्या सिमेंटात महिना आणि वर्ष कोरून ठेवा.