फ्रिजमधला रोल लगेच कॅमेऱ्यात भरू नका

ठाण्याच्या पावसाळ्यात फिल्मचा रोल फ्रिजमध्ये ठेवणं चांगलंच, पण खरी काळजी घ्यायची ती तो बाहेर काढताना. गेल्या जुलैत पहाटे मी फ्रिजमधून रोल काढला, डबी उघडली आणि तसाच कॅमेऱ्यात भरून तलावपाळीला गेलो. मासुंदा तलावावर ढगांमधून उजाडत होतं, फार सुंदर प्रकाश होता. निगेटिव्ह धुऊन आले तेव्हा पहिल्या ७-८ फ्रेमवर बारीक ठिपके! ती सकाळ गेली ती गेलीच, अजून हळहळ वाटते.

गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसंच इथे होतं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, तो ओल पटकन शोषतो. म्हणून रोल बंद डबीतच बाहेर काढा आणि किमान २ तास तसाच राहू द्या. फ्रीझरमधला असेल तर मी आदल्या रात्रीच काढून ठेवतो. डबीला हात लावून बघा. गार लागतेय तोवर झाकण उघडायचं नाही.

अर्धवट वापरलेला रोल कॅमेऱ्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नका. ३६ फ्रेम लवकर संपवा, तोवर कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. आणि चामड्याच्या केसमध्ये पावसाळाभर कॅमेरा नकोच, बुरशीला ते आयतं घर मिळतं.