पहिला केबल कटर कुठला घ्यायचा? साइटवर नव्याने येणाऱ्या पोरांसाठी

आयटीआय करून नवीन पोरं आमच्याकडे नवी मुंबईत रबाळ्याला लागली की पहिला पगार हातात पडल्यावर ठरलेला प्रश्न येतो, दादा कटर कुठला घेऊ? बहुतेकांनी मोबाइलवर एखादा लाल दांड्याचा रॅचेट कटर (दातेरी चाकाचा, थोडा थोडा दाबत कापणारा) आधीच बघून ठेवलेला असतो, त्यावर २४० लिहिलेलं असतं आणि मनात असतं की हा एकदा घेतला की सगळंच कापलं जाईल. तसं नसतं. मी उलटा प्रश्न विचारतो, तुझ्या हातात रोज कुठली केबल येते ते सांग. तांबं का ॲल्युमिनियम, आर्मर (केबलभोवतीचं धातूच्या पट्टीचं किंवा तारेचं कवच) आहे का नाही, बाहेरून जाडी किती. याची उत्तरं आली की कटर जवळजवळ ठरलाच, ब्रँड नंतर बघू.

घोडबंदर रोडला टॉवरच्या फ्लॅट वायरिंगवर असाल तर दिवसभर १.५, २.५, ४ स्क्वेअरची (म्हणजे स्क्वेअर एमएमची) फ्लेक्सिबल वायर, फार तर मीटररूमपासून फ्लॅटच्या डीबीपर्यंत (एमसीबीच्या डब्यापर्यंत) १० नाहीतर १६. तिथे मोठा रॅचेट म्हणजे पिशवीतलं फुकटचं ओझं, एका हातात मावणारा लहान केबल कटर घ्या, ३५-४० स्क्वेअरपर्यंतचा, बास झालं. महापे-रबाळ्याच्या पॅनल शॉपमध्ये (इलेक्ट्रिकल पॅनल बनवतात तिथे) लागलात तर मात्र ३५ पासून १२० पर्यंतची सिंगल कोर (आत एकच कंडक्टर असलेली) कॉपर फ्लेक्सिबल सारखी कापावी लागते, तिथे रॅचेट पाहिजेच. ऐरोली ते महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहतायत तिथे ट्रेवर २४० आणि ३०० च्या रांगा असतात, आणि दिवसभर तेवढ्या कापायला हाताचा कटर पुरा पडत नाही, बॅटरीवर किंवा हायड्रॉलिकवर चालणारा कटर कंपनीने द्यायचा असतो. तो मागून घ्या, स्वतःच्या खिशातून घ्यायच्या भानगडीत पडू नका. सोलरवाल्यांना ४ आणि ६ स्क्वेअरची डीसी केबल, म्हणजे लहान कटर पुरतो, पण त्यात एक वेगळा धोका आहे तो पुढे लिहितो.

आता आकड्यांचा घोळ, कारण सगळे इथेच फसतात. केबलवर छापलेलं स्क्वेअर एमएम म्हणजे आतल्या धातूच्या छेदाचं क्षेत्रफळ, केबलची जाडी नव्हे. २४० स्क्वेअरचं तांबं भरीव गोल धरलं तर व्यास येतो साधारण साडेसतरा मिलिमीटर, पण प्रत्यक्षात तारांमधल्या फटी असतात आणि वर इन्सुलेशन असतं म्हणजे केबल बऱ्यापैकी जाड होते. म्हणून चांगल्या कटरवर दोन आकडे दिलेले असतात, तोंडात जास्तीत जास्त किती व्यास मावतो आणि किती स्क्वेअर कापतो. क्निपेक्स या जर्मन कंपनीचा जो २५० मिलिमीटर लांबीचा रॅचेट कटर मिळतो त्यावर ३२ मिलिमीटर आणि २४० स्क्वेअर असं दोन्ही असतं. दोन्हीपैकी जो आकडा आधी संपेल ती तुमची हद्द. समजा साडेतीन कोर ७० ची केबल आहे, तीन सत्तरं २१० आणि न्यूट्रल अर्ध्या साइझचा म्हणजे ३५, बेरीज २४५. पोरगं म्हणतं जवळपास २४० च तर आहे, आणि आख्खी केबल तोंडात घालायला बघतं. ती जातच नाही, आणि वर आर्मर असेल तर मावली तरी घालायची नसते. कोर मोकळे करून एकेक कापा, मग ७० काहीच नाही त्या कटरला.

पक्कडने कापलं तर काय बिघडतं, हे पण विचारतात. पक्कड आणि साइड कटरची पाती समोरासमोर येऊन तार चिमटतात. बारीक वायरला चालून जातं. १६-२५ च्या पुढे टोक चपटं होतं, तारा फाकतात, लगच्या (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणाच्या) भोकात शिरत नाहीत, आणि मग खरा गुन्हा घडतो, कोणीतरी हळूच बाहेरच्या चार तारा छाटतो आणि लग ठोकून बसवतो. वरून दिसत काहीच नाही. क्रिम्पिंग (लग दाबून पक्का करणं) पण होतं. पण आत धातू कमी, पकड ढिली, आणि मे महिन्यात सगळ्यांचे एसी सुरू झाले की तो लग तापून काळा पडतो, तोपर्यंत तुम्ही दुसऱ्या साइटवर गेलेले असता. केबल कटरची पाती गोलाई दिलेली असतात आणि कात्रीसारखी एकमेकांच्या बाजूने सरकतात, त्यामुळे केबल दाबली न जाता कापली जाते, टोक गोल राहतं. मल्टिकोर ॲल्युमिनियमचे कोर मुळातच पिझ्झाच्या तुकड्यासारखे तिकोनी, ज्याला सेक्टर म्हणतात, तिथे तर टोक साफ हवंच कारण आधीच ते गोल लगमध्ये बसवायचं असतं.

आता आर्मर. नवीन कटर पहिल्या महिन्यात मरतो तो इथेच. लहान आणि रॅचेट कटरची पाती तांबं-ॲल्युमिनियमसाठी असतात, स्टीलसाठी नाहीत. एकदा आर्मरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी तोंडात सापडली की पात्याला दाता पडतो आणि तो दाता पुढे प्रत्येक केबलला एकदोन तारा न कापता सोडतो. आर्मर आहे का हे ओळखायला केबलच्या अंगावरचा कोड वाचायला शिका, ए२एक्सएफवाय असेल तर ए म्हणजे ॲल्युमिनियम, २एक्स म्हणजे एक्सएलपीईचं इन्सुलेशन, एफ म्हणजे पट्टीचं आर्मर, शेवटचा वाय म्हणजे वरचं पीव्हीसी. एफच्या जागी डब्ल्यू असेल तर गोल तारेचं आर्मर. सुरुवातीला ए नसेल तर आत तांबं. सिंगल कोर एसी केबलला आर्मर असलंच तर ते ॲल्युमिनियमचं असतं, कारण लोखंडाचं ठेवलं तर एकाच फेजच्या करंटने ते स्वतःच तापेल. आर्मर कापणारे कटर पण येतात, पण त्यांच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, लिहिलं नसेल तर नाही असंच समजा. ओव्हरहेड लाइनचा एसीएसआर कंडक्टर पण नको, वरून ॲल्युमिनियम दिसतं पण मधे स्टीलची तार असते. आणि जीआय बाइंडिंग वायर, ती तर अजिबात नको, त्याला जुनी पक्कड ठेवा.

मग आर्मर्ड केबल कापायची कशाने? हॅक्सॉने, दुसरं काय. ड्रमवरून लांबी काढताना आख्खी केबल हॅक्सॉनेच, इंचाला २४ दातांचं ब्लेड लावून, शांतपणे. ग्लँडिंगला (केबल पॅनलमध्ये शिरते तिथे तिला धरणारं ग्लँड बसवायला) टोक तयार करताना जिथे आर्मर संपवायचं तिथे इन्सुलेशन टेपचे दोन वेढे घट्ट मारा, त्या टेपच्या कडेला ब्लेड टेकवून गोल फिरत फिरत पट्टीला अर्ध्या जाडीपर्यंतच खाच पाडा, आरपार नाही, आरपार गेलात की खालच्या इनर शीथला (आतल्या आवरणाला) चीर पडलीच म्हणून समजा. मग एकेक पट्टी हाताने मागेपुढे वाकवली की खाचेवर कट्ट करून तुटते, ग्लोव्ह्ज घालून, कारण कडेला ब्लेडइतकीच धार असते. सगळ्या पट्ट्या निघाल्या, इनर शीथ सोलली, कोर मोकळे झाले, की मग कटर काढायचा आणि कोर पॅनलमधल्या आपापल्या लांबीला कापायचे. मला विचाराल तर चांगली हॅक्सॉ फ्रेम ही कटरच्या आधीची खरेदी आहे, पण ती मोबाइलवर भारी दिसत नाही म्हणून कोणी घेत नाही.

रॅचेट का लांब दांड्याचा, यावर साइटवर वाद चालतात. रॅचेटमध्ये दांडा थोडा थोडा दाबत जायचं, दातेरी चाक पातं मागे येऊ देत नाही, त्यामुळे ताकद कमी लागते आणि पॅनलच्या कोपऱ्यात जिथे कोपर हलवायला जागा नसते तिथे पण काम होतं. लांब दांड्याचा दोन्ही हात लावून एका दमात कापतो, वेगाने होतं, पण तो उघडायला दोन्ही बाजूंना मोकळी जागा पाहिजे, म्हणजे ड्रमपाशी बरा, पॅनलमध्ये निरुपयोगी. माझं मत रॅचेटच्या बाजूने आहे. फक्त दुकानात हातात घेऊन बघा की दांडे पूर्ण उघडल्यावर तुमच्या एका हाताच्या पकडीत येतात का, आणि अर्ध्यावर अडकला तर सोडवायची कळ अंगठ्याने लागते का. ती कळ सापडत नाही म्हणून अडकलेला कटर हातोडीने ठोकून काढणारे महाभाग मी पाहिलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दांड्यावर लाल-पिवळं रबर आहे म्हणजे तो इन्सुलेटेड कटर, असं बिलकुल नाही. साधं प्लॅस्टिक हे पकडीसाठी असतं. खरा इन्सुलेटेड असेल तर त्यावर दोन त्रिकोणांची खूण, १००० व्होल्ट आणि आयईसी ६०९०० असं असतं. आणि तो असला तरी चालू केबल कापायचा परवाना नाही मिळाला. मल्टिकोर चालू केबलवर कटर चालवलात तर पातंच दोन फेज जोडणार. १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ४३३ व्होल्टला फुल लोड करंट १३३३ अँपिअर, इम्पिडन्स (त्याचा आतला अडथळा) ५ टक्के धरला तर त्याच्या टर्मिनलवर शॉर्ट झाल्यावर जवळपास २६-२७ हजार अँपिअर येऊ शकतो. केबलच्या लांबीने तो कमी होईल, पण चेहऱ्यासमोर व्हायचा तो भडका व्हायचाच, रबराचा दांडा त्याला काय करणार.

म्हणून क्रम ठरलेला, बंद करा, कुलूप आणि टॅग लावा, दोन टोकांच्या टेस्टरने फेज-फेज आणि फेज-अर्थ सगळं तपासा, लांब केबल असेल तर डिस्चार्ज करा, मग कटर. स्क्रूड्रायव्हरवाल्या निऑन टेस्टरवर जीव टाकू नका. दोन टोकांचा टेस्टर आधी चालू पॉइंटवर बघा, मग केबलवर, मग परत चालू पॉइंटवर. आणि सप्लाय फक्त महावितरणकडून येतो असं धरून चालू नका (कळवा-मुंब्र्याला काम असेल तर टोरेंटकडून), डीजी (डिझेल जनरेटर) आहे, यूपीएस आहे, गच्चीवर सोलर आहे. डेटा सेंटरमध्ये ए आणि बी असे दोन सोर्स शेजारशेजारच्या ट्रेवरून जातात, एक बंद असतो तेव्हा दुसरा मुद्दाम चालू ठेवलेला असतो, आणि केबल दोन्ही काळ्या. सुपरवायझर म्हणाला हीच केबल, एवढ्यावर कापायचं नाही, दोन्ही टोकांचा टॅग बघा, कंटिन्युइटी घ्या, म्हणजे दोन्ही टोकं एकाच केबलची आहेत का ते मीटरने तपासा. इथे एक पोरगा सुपरवायझरला म्हणाला होता, "साहेब, तुम्ही सांगताय ते बरोबर असेल, पण मी एकदा टेस्ट करून घेतो." साहेब चिडले, पण थांबले. तसं बोलता आलं पाहिजे, हेल्पर असलात तरी.

सोलरचं म्हणालो होतो ते हे, की सोलर पॅनलवर ऊन आहे तोपर्यंत डीसी बाजू बंद होतच नाही, इन्व्हर्टर बंद केला तरी स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलमध्ये) शेकडो व्होल्ट असतातच. लोडवर असताना ना कापायचं ना एमसी४ कनेक्टर ओढायचा, आधी आयसोलेटर, मग टेस्ट, आणि कापायची वेळ आलीच तर प्लस आणि मायनस कधीच एकत्र तोंडात घालायचे नाहीत. यूपीएसच्या बॅटरी केबलला पण हेच.

खरेदीला ठाण्यातली दुकानं आहेतच, पण एकाच जागी पाचसहा प्रकार हातात घेऊन बघायचे तर मस्जिद स्टेशनला उतरा, नागदेवी स्ट्रीटला हत्यारं आणि लोहार चाळीला केबल-लग. तापारिया, जैनसन, बाहेरचे, चायनीज सगळं मिळतं. पिशवीत बारीक तारांच्या फ्लेक्सिबलचा एक तुकडा घेऊन जा, दुकानदाराला म्हणा कापून बघू द्या. जाड तार कुठलाही कटर कापतो, बारीक शंभर तारा कापून शेवटची पण साफ निघाली तरच पाती एकमेकांना नीट लागतायत. नंतर कटर बंद करून ट्यूबलाइटसमोर धरा, पात्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर परत ठेवा. मधला सांधा नट-बोल्टचा आहे का रिव्हेटचा ते बघा, बोल्ट असेल तर पुढे ढिला झाल्यावर आवळता येतो. रॅचेटला सुटी पाती मिळतात का विचारा. जर्मन कटर देशीच्या कितीतरी पट महाग आहे आणि हेल्परला पहिल्या वर्षी त्याची काही गरज नाही, साइटवर हत्यारं चोरीला जातात हे पण लक्षात ठेवा.

घेतल्यावर नाव कोरून घ्या. पावसाळ्यात इकडे खाडीच्या हवेने काळी पाती आठवड्यात तांबडी होतात, संध्याकाळी फडक्याने पुसून मशीन ऑइलचा थेंब सांध्यावर टाकायचा, इन्सुलेटेड दांड्याला तेल लागू द्यायचं नाही. कोणी मागितला तर द्या, पण काय कापणार आहेस ते विचारून द्या.

क्रम म्हणाल तर आधी लहान कटर आणि हॅक्सॉ, काम पॅनलकडे वळलं तर ३२ मिलिमीटर तोंडाचा रॅचेट, त्याच्या वरचं कंपनीचं. बिल घ्या, आणि नागदेवीला रविवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.