मेलाटोनिन वर्षानुवर्षे घेताना होणाऱ्या या चुका टाळा

निद्रानाशाच्या रुग्णांवर उपचार करणे हे माझे रोजचे काम आहे. नव्या रुग्णाला मी पहिल्याच भेटीत सांगतो की, झोपेसाठी जे काही घेत असाल ते सगळे सोबत आणा. पिशवीतून बाटल्या बाहेर येतात तेव्हा त्यांत मेलाटोनिन बहुतेक वेळा असतेच. ते किती दिवसांपासून चालू आहे असे विचारले की, ‘दोन-तीन वर्षे झाली असतील’ असे उत्तर मिळते. ते कोणत्या कारणासाठी सुरू केले, कोणत्या मात्रेने सुरू केले आणि थांबवायचे केव्हा ठरले होते, या तीन प्रश्नांना मात्र उत्तर नसते. त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्या एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

झोपेची गोळी समजून घेणे

बाकीच्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून निघतात. मेलाटोनिन हे मेंदूतील पिनियल ग्रंथीत तयार होणारे संप्रेरक असून १९५८ साली आरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने ते प्रथम वेगळे केले. अंधार पडला की ते रक्तात वाढू लागते आणि डोळ्यांवर उजेड आला की त्याचे स्रवणे थांबते. आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळेपूर्वी साधारण दोन तास ही वाढ सुरू होते. शरीराला ‘रात्र झाली’ एवढा निरोप पोचवणे हे त्याचे काम आहे. माणसाला गुंगी आणून झोपवणे हे त्याचे काम नाही. ज्याचे शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकले आहे त्याला हा निरोप वेळेवर मिळाला तर फार उपयोग होतो. ज्याला चिंतेने, वेदनेने किंवा अंथरुणाच्या धास्तीने झोप लागत नाही, त्याला रात्र झाल्याचे पुन्हा सांगून फारसे काही साधत नाही.

आकडेही हेच सांगतात. २०१३ साली १९ चाचण्यांतील १६८३ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा मेलाटोनिनमुळे झोप सरासरी सात मिनिटे लवकर लागते आणि एकूण झोप सुमारे आठ मिनिटांनी वाढते, असे दिसले. अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, प्रौढांच्या निद्रानाशावर मेलाटोनिन वापरू नये असाच कल नोंदवला. युरोपात २००७ मध्ये मान्यता मिळालेली दोन मिलिग्रॅमची, सावकाश विरघळणारी गोळीसुद्धा ५५ वर्षांपुढील रुग्णांसाठी आणि जास्तीत जास्त १३ आठवड्यांसाठी आहे. म्हणजे जे लोक तीन-चार वर्षे रोज गोळी घेतात, ते ही मुदत कधीच ओलांडून गेलेले असतात आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मात्रा वाढवत नेणे आणि मध्यरात्री दुसरी गोळी घेणे

या चुकीवर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान मी हिच्यामुळे झालेले पाहिले आहे.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात शाळकरी वही होती. दोन महिन्यांच्या झोपेचा हिशेब त्यांनी लाल शाईने रकाने आखून लिहिला होता. ‘गोळी’ या रकान्यात जवळजवळ रोज दोन नोंदी होत्या: रात्री साडेनऊला दहा मिलिग्रॅम आणि तीनच्या सुमारास पाच मिलिग्रॅम. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी तीन मिलिग्रॅमने सुरुवात केली होती. महिनाभर बरे वाटले, मग परिणाम ओसरल्यासारखा वाटला म्हणून पाच आणि पुढे दहा. पहाटे जाग येऊ लागली तेव्हा उशाशी ठेवलेल्या बाटलीतून आणखी एक गोळी. सकाळी सातला गजर वाजे तेव्हा डोके जड असे आणि ते जडपण पहिले दोन तास संपेपर्यंत उतरत नसे. म्हणून दुपारी तासभर झोप आणि ती झोपही अपुरी वाटते म्हणून रात्री आणखी लवकर अंथरूण, असे ते चक्र चालले होते.

मी पेन्सिल घेऊन त्यांच्याच वहीतून बेरीज केली. अंथरुणातील वेळ सरासरी साडेनऊ तास होता आणि प्रत्यक्ष झोप सहा तासांच्याही आत. राहिलेले साडेतीन तास त्या रोज छताकडे पाहत काढत होत्या आणि त्या साडेतीन तासांवर त्या मेलाटोनिन ओतत होत्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा तो प्रकार होता.

मात्रा वाढवल्याने परिणाम वाढत जातो हे गृहीतकच येथे चुकते. ५० वर्षांवरील निद्रानाशग्रस्तांवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ०.१, ०.३ आणि ३ मिलिग्रॅम अशा मात्रांची तुलना झाली होती. सर्वांत चांगला परिणाम ०.३ मिलिग्रॅमने दिला. तीन मिलिग्रॅमने शरीराचे तापमान घसरले आणि दिवस उजाडल्यावरही रक्तातील मेलाटोनिनची पातळी चढलेली राहिली. मध्यरात्रीच्या गोळीत याहून मोठा धोका आहे. संध्याकाळी घेतलेले मेलाटोनिन घड्याळ लवकरच्या बाजूला सरकवते, तर सकाळच्या वेळी रक्तात असलेले मेलाटोनिन ते उशिराच्या बाजूला ढकलते. पहाटे तीनच्या मोठ्या गोळीचा अंश सकाळपर्यंत उरतो, म्हणजे आजची झोप परत मिळवण्याच्या धडपडीत उद्याची झोप आणखी लांबण्याची सोय आपणच करत असतो.

आम्ही सर्वप्रथम तीनची गोळी बंद केली. मग अंथरुणातील वेळ रात्री बारा ते सकाळी सहा एवढाच ठेवला, दुपारची झोप थांबवली आणि उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर, उजेडात राहायला सांगितले. अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आखडता घेण्याची ही पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली. पहिले दहा दिवस त्या बाईंना फार जड गेले आणि ‘मला हे जमणार नाही’ असे त्यांनी दोनदा कळवले. सहाव्या आठवड्यात वहीतील जागण्याच्या नोंदी रात्रीला एकीवर आल्या, तेव्हा मेलाटोनिन एक मिलिग्रॅमवर उतरले होते. तीन महिन्यांनी तो रकाना रिकामा राहू लागला. लाल शाईची ती रेघ मात्र त्यांनी सवयीने आखलेली होती.

ही पद्धत स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ज्यांना अपस्माराचे झटके येतात, ज्यांना बायपोलर विकार आहे किंवा ज्यांना रोज वाहन चालवावे लागते, त्यांना झोप कमी करणे धोक्याचे ठरू शकते.

काही चुका, ज्यांना एक-दोन ओळी पुरेत

गोळी घेऊन लख्ख उजेडात मोबाइल पाहत बसणे व्यर्थ आहे, कारण शरीराला एकाच वेळी रात्रीचा आणि दिवसाचा असे दोन्ही निरोप मिळतात.

सावकाश विरघळणारी गोळी अर्धी करू किंवा चावू नये. तसे केले की तिचा सावकाशपणा संपतो आणि सगळे औषध एकदम रक्तात उतरते.

वेष्टनावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ३१ उत्पादनांमधील प्रत्यक्ष मेलाटोनिन, लिहिलेल्या प्रमाणाहून ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत निघाले आणि आठ उत्पादनांत सेरोटोनिनही सापडले. दर महिन्याला वेगळी बाटली घेणाऱ्याला आपण नेमके किती घेतो हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

इतर औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत. फ्लुवोक्सामीन हे नैराश्यावरील औषध यकृतातील ज्या विकराला (एन्झाइमला) रोखते, तेच विकर मेलाटोनिनचे विघटन करते. त्यामुळे मेलाटोनिनची पातळी अनेक पटींनी वाढते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर आधी विचारणे अत्यावश्यक आहे.

गोड चवीच्या गोळ्या मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत. २०१२ ते २०२१ या काळात अमेरिकेत मुलांच्या पोटात मेलाटोनिन गेल्याच्या, विषबाधा केंद्रांकडे आलेल्या तक्रारी ५३० टक्क्यांनी वाढल्या.

कारण शोधायचे टाळणे

उतावीळपणाची मला सर्वांत जास्त चीड येते ती येथे. गोळी विकत घेणे दोन मिनिटांचे काम असते आणि दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवणे कंटाळवाणे असते, म्हणून लोक पहिला मार्ग निवडतात आणि त्यात वर्षे घालवतात. एक गृहस्थ चार वर्षे मेलाटोनिन घेत होते. त्यांच्या पत्नीला सोबत बोलावून विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, ‘हे घोरता घोरता मध्येच थांबतात आणि मग दचकून श्वास घेतात.’ तपासणीत झोपेतील श्वसनरोध निघाला. रात्रभर श्वास अडत असलेल्या माणसाला मेलाटोनिन काय देणार होते? ती चार वर्षे त्यांच्या रक्तदाबाला भोवली, याची मला आजही खंत वाटते.

पायांत अस्वस्थ हुळहुळ होऊन ते सतत हलवावेसे वाटत असतील तर शरीरातील लोहाचा साठा तपासावा लागतो. थायरॉइडचे विकार आणि नैराश्य हीही नित्याची कारणे आहेत. प्रोप्रानोलॉलसारखी काही औषधे तर शरीराचे स्वतःचे मेलाटोनिनच कमी करतात. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, असे तीन महिने चालले असेल तर तो दीर्घकालीन निद्रानाश असतो आणि त्यावर पहिला उपचार म्हणून वर्तनोपचाराची, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याच्या उपचाराची शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच केली आहे.

दीर्घकाळ मेलाटोनिन लागणारे लोकही असतात, हे येथे सांगितले पाहिजे. प्रकाशाची जाणीवच नसलेल्या अंध व्यक्तींचे घड्याळ रोज थोडे थोडे सरकत राहते आणि त्यांना ठरलेल्या वेळी घेतलेली छोटी मात्रा वर्षानुवर्षे उपयोगी पडते. फरक एवढाच की तेथे निदान आधी झालेले असते.

बातमी वाचून घाबरणे आणि घाईने सोडणे

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग संघटनेच्या अधिवेशनात सुमारे १ लाख ३० हजार निद्रानाशग्रस्तांच्या नोंदींचा अभ्यास मांडला गेला. वर्षभर किंवा अधिक काळ मेलाटोनिन घेतल्याची नोंद असलेल्यांत, पाच वर्षांत हृदयाची क्षमता ढासळण्याचे प्रमाण ४.६ टक्के आणि इतरांत २.७ टक्के होते. या अभ्यासातून मेलाटोनिन हेच कारण आहे असे सिद्ध होत नाही. ज्यांचा निद्रानाश अधिक तीव्र, तेच गोळी जास्त काळ घेतात, हेही त्यामागे असू शकते. तरीही ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी हे डॉक्टरांसमोर ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो.

मेलाटोनिन सोडताना इतर झोपेच्या गोळ्यांसारखा त्रास सहसा होत नाही, त्यामुळे ते एकदम बंद केले तरी सहसा अपाय नसतो. मी मात्र दर दोन आठवड्यांनी मात्रा निम्मी करतो. हा कोणत्या पुस्तकातला नियम नाही, माझी सवय आहे. गोळीवाचून झोप लागू शकते यावर माणसाचा विश्वास बसायला तेवढा वेळ लागतो, असे मी पाहत आलो आहे. त्या काळात रात्री घड्याळ पाहायचे नाही, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून मंद दिव्याशी बसायचे आणि डोळे मिटू लागले की परत अंथरुणात यायचे, एवढे पाळावे. सोडल्यावर दोन-तीन रात्री वाईट जातात. त्या रात्री झोपेच्या नोंदवहीत तशाच लिहाव्यात आणि पुढच्या भेटीला ती वही सोबत आणावी.