‘इगो’मुळे लागलेली एटीकेटी

बीएला मानसशास्त्र घेतलं तेव्हा फ्रॉइडचं प्रकरण मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. मनाचे तीन भाग, इदम्, अहम्, पराहम् (इंग्रजीत इड, इगो, सुपरइगो), मग मूल वाढताना येणाऱ्या, मुखावस्थेपासूनच्या पाच अवस्था. पाठ केलं, लिहून आलो आणि एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला. अवस्था तुम्हाला येतात असं धरतो, त्या कुठल्याही पुस्तकात मिळतील.

मी आपटलो ते ‘अहम्’वर, म्हणजे इगोवर. आमच्या सोलापुरात इगो हा रोजचा शब्द. मामा लग्नाला आले नाहीत, इगो. मित्राचा फोन उचलला नाही की, ‘काय बे, लई इगो आला का?’ मी पेपरात सरळ लिहिलं, अहम् वाढला की माणूस गर्विष्ठ होतो आणि पराहम् म्हणजे त्याहून मोठा गर्व. चांगली दोन पानं. आजही आठवलं की कान गरम होतात.

फ्रॉइडने लिहिलं जर्मनमध्ये. १९२३ च्या पुस्तकात त्याचे शब्द अगदी घरगुती आहेत: ‘ते’, ‘मी’ आणि ‘मीच्या वरचा मी’. इड-इगो हे लॅटिन कपडे इंग्रजी भाषांतरकारांनी चढवले. तिथला ‘मी’ म्हणजे मीपणा नव्हे, तो मध्ये उभा राहून सगळ्यांची समजूत काढणारा आहे.

माझे वडील यंत्रमागावर आहेत. रात्रपाळीला तीन वाजता अंग म्हणतं, आडवा हो. हे इदम्. डोक्यात आजोबांचा आवाज, ‘कामावर झोपतोस? लाज नाही?’ तो पराहम्. आणि समोर माग धडधडतोय, डुलकी लागली तर हात जाईल. हे वास्तव, ते कुणाचंच ऐकत नाही. वडील काय करतात? तोंडावर पाणी मारतात, शेजारच्याला ‘दहा मिनिटं माझे माग बघ’ म्हणतात आणि सुताच्या पोत्यावर पडतात. ही जी तोड काढली, ती अहम्ची. म्हणजे ‘याचा अहम् बळकट आहे’ ही शाबासकी झाली. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून रुसणाऱ्या मामांचा आपल्या भाषेत इगो मोठा, फ्रॉइडच्या हिशेबात बहुधा दुबळा. हे एवढं उलटं आहे, म्हणून इतकं लांबण लावलं.

फ्रॉइडच्या पुढच्या मानसशास्त्रज्ञांतही हाच खड्डा आहे, शब्द रोजचा आणि अर्थ वेगळा. १९११ मध्ये फ्रॉइडपासून वेगळा झालेला अ‍ॅडलर म्हणतो, न्यूनतेची भावना प्रत्येक लहान पोरात असते आणि तीच त्याला पुढे ढकलते. तिच्यात रुतून बसलं की न्यूनगंड. युंगचा अंतर्मुख माणूस म्हणजे लाजाळू नव्हे, त्याच्या मनाचा ओढा आत असतो. एरिकसनचा ‘मी नेमका कोण’ हा पेच (आयडेंटिटी क्रायसिस) आजार नाही, माणसाच्या वाढीच्या आठ टप्प्यांतला किशोरवयातला तो टप्पाच आहे. ओळखीचा शब्द दिसला की आधी संशय घ्या.

गाइडवर माझा राग आहे. त्यात व्याख्या असते, पण ती कुठे फसवते ते नसतं. त्याहून राग, ‘त्यात नको ते आहे’ म्हणत दोन तासांत प्रकरण गुंडाळणाऱ्या शिक्षकांचा. शिकवायला लाजणाऱ्या शिक्षकापेक्षा शिक्षक नसलेला परवडला. हे माझं मत, पटलं तर घ्या.

आणि घरच्यांवर प्रयोग करू नका. सरळ सांगतो, करू नका. आत्या शेंगाचटणीचे डबे ओळीत लावते म्हणून मी तिला ‘गुदावस्थेत स्थिरीकरण’ म्हणालो, म्हणजे शी-शूची शिस्त लागण्याच्या वयातच मन अडकलेलं. दोन दिवस तिने माझ्या ताटात भाकरी वाढली नाही. तिने डबे पसरून ठेवले असते तरी मी तेच म्हणालो असतो, कारण नीटनेटका आणि गबाळा दोघांनाही त्याच अवस्थेत बसवता येतं. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा आक्षेप हाच होता की काहीही घडलं तरी सिद्धांत खराच ठरतो. मूल्यमापनाच्या प्रश्नात हे लिहा, मार्क मिळतात.

गोंधळ झाला तर घाबरू नका, सगळ्यांचा होतो. दुसऱ्या खेपेला मला ‘अहम्ची कार्ये’ आलं. मी रात्रपाळी लिहिली आणि सुटलो. घरी येऊन वडिलांना उत्तर सांगितलं. ते म्हणाले, ‘सगळं बरोबर आहे, पण पोत्यावर झोपलेलं कशाला लिहिलंस? मालकाला कळलं तर?’