शंख-चक्र जुळलं म्हणजे माणूस सापडला? ठसे तपासताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे न्यायवैद्यक विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. घटनास्थळावरच्या ठशात चक्र (गोल फिरणाऱ्या रेषा), संशयिताच्या बोटावरही चक्र, की लगेच शेरा: ‘ठसे जुळतात’. नाही जुळत. जगातल्या साधारण ६० ते ६५ टक्के बोटांवर शंख (रेषा एका बाजूने येऊन, वळून त्याच बाजूला परत जातात) असतो, ३० ते ३५ टक्क्यांवर चक्र आणि जेमतेम ५ टक्क्यांवर कमान (रेषा एका बाजूने येऊन, मध्ये उंचावून दुसऱ्या बाजूला जातात). एवढ्या मोठ्या गटांतून एक माणूस कसा ओळखणार? जुळ्या भावांच्या बोटांवर नमुने सारखे असू शकतात, तरी ठसे वेगळेच असतात. नमुन्याचा खरा उपयोग वगळण्यासाठी: ठशात स्पष्ट चक्र आणि बोटावर कमान असेल, तर ते बोट बाद. ओळख पटते ती रेषा कुठे संपते, कुठे फुटते, कुठे बेट होतं, या खुणांची जागा आणि दिशा जुळल्यावर.

वगळतानाही घाई नको. चक्राला दोन डेल्टा, म्हणजे रेषा तीन दिशांना फुटून त्रिकोण होतो त्या जागा, लागतात. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं नाही, तर एक डेल्टा कागदावर येतच नाही आणि चक्राचा शंख दिसतो. चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी नकळत उमटलेला ठसा, तर बहुतेक वेळा अर्धवटच असतो. डेल्टा दिसत नसेल तर ‘नमुना अनिश्चित’ लिहा. त्यात काही कमीपणा नाही. शंखाच्या डेल्टापासून कोअरपर्यंतच्या (नमुन्याच्या मध्यबिंदूपर्यंतच्या) रेषा मोजताना हे दोन बिंदू मोजणीत धरायचे नाहीत, हेही अनेकजण विसरतात.

शंखाचं तोंड उजवीकडे दिसलं की तो करंगळीकडचा शंख, असं थेट ठरवू नका. उजव्या हाताचा असेल तर बरोबर, डाव्याचा असेल तर तो अंगठ्याकडचा ठरतो, आणि तसे शंख तर्जनीवर जास्त सापडतात. शिवाय जिलेटिन लिफ्टरवर (ठसा उचलून घेणाऱ्या चिकट पट्टीवर) उचललेला ठसा आरशासारखा उलटा दिसतो. म्हणून उचलण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या.

सगळ्यात महाग चूक मात्र डोळ्यांची नाही, क्रमाची आहे. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने तिथला एक ठसा अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा ठरवला. एकापेक्षा जास्त तज्ज्ञांनी त्याला दुजोरा दिला, वकिलाला अटक झाली, आणि नंतर स्पॅनिश पोलिसांनी तोच ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. पुढच्या चौकशीत कळलं, की वकिलाचा ठसा समोर ठेवून मूळ ठशातल्या अंधुक खुणा ‘वाचल्या’ गेल्या होत्या. एका निरपराध माणसाला त्यासाठी दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. म्हणून आधी फक्त घटनास्थळाचा ठसा घ्या, त्यातल्या खुणा आखा, कागदावर तारीख टाकून सही करा, आणि मगच संशयिताचा ठसा उघडा. दुसऱ्या तपासनिसाला तुमचा निष्कर्ष आधी सांगू नका. एकही फरक असा उरला की ज्याचं कारण देता येत नाही, तर बाकीच्या जुळणाऱ्या खुणांचा ढीग दाखवून तो दडपू नका.

आता आपल्या भागातल्या दोन गोष्टी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ऊन ४५ अंशांवर जातं. तापलेल्या लोखंडी कपाटावर ठशातला ओलावा लवकर उडतो, पावडर नीट धरत नाही, आणि मग ब्रश दाबून फिरवल्याने उरलेल्या रेषाही पुसल्या जातात. हात हलका ठेवा. कागदावर पावडर नकोच. घामातली अमिनो आम्लं कागदात टिकून राहतात, निनहायड्रिन या रसायनाने ती जांभळी उमटतात.

दुसरी गोष्ट हातांची. कापूस वेचणाऱ्या बाया, विटभट्टीवरचे मजूर यांच्या बोटांच्या रेषा घासून सपाट झालेल्या असतात. रेशन दुकानात ज्यांचा अंगठा लागत नाही, तीच ही माणसं. शाई वाढवून ठसा सुधारत नाही, रेषांमधल्या खाचा भरून तो काळा गोळा होतो. हात धुऊन, पूर्ण कोरडा करून, पातळ शाईने घ्या. तरी नाही आला तर काही दिवस कामातून सुटका मिळाल्यावर पुन्हा घ्या: वरची कातडी झिजली तरी खालून त्याच रेषा परत येतात. खोल जखमेचा वण मात्र कायमचा राहतो, त्याची नोंद पत्रकावर वेगळी करा.