घरी इंजिनचं काम काढताय? ओरिजिनल की लोकल पार्ट, या चुका टाळा

गेल्या वर्षी मे महिन्यात ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात आमची २०१२ ची वॅगन आर उकळली. आई मागे बसलेली, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आणि बॉनेटखालून वाफ. तासभर झाडाखाली थांबलो, इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाणी घातलं, थांबत थांबत इंदूरला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवूनच टाकलं की वॉटर पंप गेला. तपासलं काहीच नव्हतं, फक्त पंप बदलतानाचा व्हिडिओ बघितला होता आणि काम घरी जमेल असं वाटलं. छोटी ग्वालटोलीत, म्हणजे इंदूरच्या गाड्यांच्या पार्टच्या बाजारात गेलो, कंपनीच्या डब्यातल्या पंपाची किंमत ऐकली, मग काउंटरवरच्या माणसाने एक सुटा पंप पुढे केला, म्हणाला, "भिया, कंपनी का ही माल है, बस डिब्बा नहीं है." निम्म्याहून कमी किंमत होती. घेतला. अख्खा रविवार खर्च करून बसवला, आणि सोमवारी राजवाड्याजवळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी परत उकळली.

शेजारचे नाना, ज्यांची सगळी नोकरी इंदूरजवळच्या पीथमपूरला इंजिनांवरच झाली, त्यांनी संध्याकाळी येऊन एकच प्रश्न विचारला. "अरे, झाकण बघितलंस का?"

रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. कधीतरी सर्व्हिसिंगला कोणीतरी बाजारातलं झाकण लावून दिलेलं. आता हे झाकण म्हणजे नुसतं बूच नाही, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो प्रेशरचा. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं, पण ०.९ चं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी जवळजवळ ११८ पर्यंत उकळत नाही. झाकणाने प्रेशर सोडलं की ही वीस डिग्रीची सवलत गेली, मग पंप कितीही नवा लावा. नवं झाकण दोनशे रुपयांच्या आतलं होतं. आणि तो लोकल पंप दीड महिन्यात खालच्या छोट्या भोकातून, म्हणजे सील गेल्यावर जिथून पाणी येतं तिथून, ठिबकायला लागला. जुना कंपनीचा पंप चांगला होता पण तो मी भंगारवाल्याला देऊन टाकलेला. त्यामुळे पंप दोनदा घ्यावा लागला.

तेव्हापासून मला कोणी विचारलं की "ओरिजिनल घेऊ का लोकल?" तर मी आधी दोन गोष्टी विचारतो. नक्की काय बिघडलंय हे कशावरून ठरवलं? आणि हा पार्ट उद्या गेला तर सोबत काय घेऊन जाईल? डब्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

तपासायच्या आधी पार्ट घेणे

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, आणि ओरिजिनल पार्ट घेणाऱ्यांचाही जातो. गाडी तापते तर इंजिन गार असताना झाकण बघा, कूलंटची लेव्हल बघा, मग गाडी चालू ठेवून फॅन लागतो का बघा. फॅन लागत नसेल तर एसी लावून बघा, एसीवर फॅन फिरला म्हणजे मोटर ठीक आहे, दोष सेन्सर, रिले किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. इंजिन गार असताना झाकण काढून स्टार्ट केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येत राहिले, थांबतच नाहीत, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायचा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकट थर दिसला की लोक घाबरतात, पण थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवली तरी तो थर येतो, डिपस्टिकवरचं ऑइलही तसंच दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

मिसिंगचंही, म्हणजे इंजिन झटके देत चालण्याचंही, तसंच. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आता स्वस्तात मिळतो, एक घेऊन ठेवाच. पी-०३०१ कोड आला म्हणजे एक नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर. आता लगेच कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) विकत आणू नका, एक नंबरची कॉइल दोनवर लावा आणि दोनची एकवर. कोड पी-०३०२ झाला तर कॉइल खराब, कोड जागेवरच राहिला तर प्लग अदलाबदल करून बघा, तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर नाहीतर कम्प्रेशन. दहा मिनिटांचं काम आहे आणि खर्च शून्य. पी-०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, हा कोड आला की बरेच जण ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, आणि तो सेन्सर बिचारा खरं सांगत असतो, हवा कुठल्यातरी फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून घुसत असते.

"लोकल" या एका शब्दात सगळं कोंबणे

दुकानात चार प्रकारचा माल असतो आणि आपण दोनच समजतो. एक, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दोन, ज्या कंपनीने मुळात तो पार्ट बनवून गाडीवाल्यांना दिला तिचाच माल तिच्या स्वतःच्या डब्यात. तीन, दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीने त्या मापाचा बनवलेला. आणि चार, डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याचं नाव छापून विकलेला. यातला दुसरा प्रकार आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात फायद्याचा असतो. गाडीची कंपनी प्लग, फिल्टर, बेअरिंग, रिंगा सगळं स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, एनजीके, माहले, गेट्स, गोएत्झे, तालब्रोस, एसकेएफ ही नावं काउंटरवर मागून बघा, बऱ्याचदा कंपनीच्या डब्यापेक्षा कमी किमतीत चांगला माल मिळतो. जुना पार्ट काढला की तो आधी पुसून बघा, त्यावर बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण कोरलेली असते, त्याच कंपनीचा मागायचा.

पण एक लक्षात ठेवा, गाडीची कंपनी महाग डब्यात फक्त नाव विकते असंही नाही. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, गाड्या तिथे तपासून घेतल्या जातात ते उगाच नाही. मंजूर झालेल्या मापाचा, मंजूर झालेल्या रबराचा पार्ट आणि नुसता दिसायला तसाच पार्ट यात हाच फरक असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डब्याशिवायचा सुटा माल, "कंपनी का ही है" म्हणत दिलेला, मी आता घेत नाही. खरंच कंपनीचा असेलही, पण रिजेक्ट झालेल्या लॉटमधला आहे की कुठून हे तपासायला आपल्या हातात काहीच नसतं.

कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही

एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, फॅन बेल्ट, वायपर, बल्ब: चांगल्या ब्रँडचं काहीही घ्या. एअर फिल्टरची कड डब्यात नीट बसते का तेवढं बघा, कडेने हवा गेली की धूळ सरळ सिलेंडरमध्ये जाते.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि वाल्वची वेळ जुळवणारा पट्टा, आणि तो ताणून धरणारा टेन्शनर यांवर मात्र एक रुपयाही वाचवू नका. जुन्या ७९६ सीसीच्या अल्टोत बेल्ट असतो, आमच्या ९९८ सीसीच्या के-टेन इंजिनात चेन आहे. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत वाल्व पिस्टनवर आदळतात, म्हणजे काही हजारांच्या कामाचं सरळ हेड उघडण्याचं काम होतं. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलरही बदला, आणि ज्या गाडीत वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो तिथे पंपही, कारण उघडायची मेहनत तीच आहे. अशा ठिकाणी गाडीच्या कंपनीचा किंवा मूळ बनवणाऱ्याचा किट, तिसरा विचार नाही.

सेन्सरसुद्धा याच यादीत. क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर स्वस्तातला लावला की गार इंजिनवर छान चालतो आणि तापल्यावर सिग्नल सोडतो, गाडी चौकात बंद, दहा मिनिटांनी परत चालू, आणि तोपर्यंत तुम्ही फ्युएल पंप, रिले, बॅटरी सगळ्यावर संशय घेऊन झालेला असतो. नवीन पार्ट लावल्यावर नवा त्रास सुरू झाला तर पहिला संशय त्या नवीन पार्टवर घ्या, हे आपल्याला सुचतच नाही कारण तो "आत्ताच तर बदललाय".

बऱ्याच ऑइल फिल्टरमध्ये दोन वाल्व असतात, एक गाडी बंद असताना ऑइल परत खाली वाहू देत नाही आणि दुसरा फिल्टर चोक झाला तर ऑइलला वाट करून देतो. हलक्या फिल्टरमध्ये पहिला वाल्व गळतो, मग सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, ती चेन आणि टॅपेट कोरडे चालल्याची. रोज सकाळी. बसवताना जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय का बघा, त्यावरच नवीन बसवला तर ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, हाताने घट्ट करायचं, पाना नको.

प्लगचा नंबर "जवळपास" चालवणे

स्पार्क प्लगच्या नंबरात हीट रेंजचा आकडा असतो, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याचा. एनजीके आणि डेन्सोमध्ये तो आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलटं, आकडा मोठा म्हणजे गरम. त्यामुळे ब्रँड बदलताना आकडा जुळवायचा नसतो, त्या ब्रँडच्या चार्टमध्ये आपली गाडी शोधायची असते. प्लग डुप्लिकेट फार निघतात. तीनही प्लग शेजारी ठेवून बघा: गॅप वेगवेगळा, आटे खरखरीत, अक्षरं नखाने निघतात, म्हणजे परत करा. इरिडियम प्लगची टोकं बारीक असतात, गॅप वाढवायला मध्ये काहीही घालून वाकवू नका.

हेड उघडलंय तर

खरं सांगायचं तर पहिल्यांदाच करताय तर हेडचं काम अनुभवी मिस्त्रीबरोबर करा. इथे पार्ट ओरिजिनल असूनही काम फसतं, आणि दोष पार्टला मिळतो. गॅस्केट कंपनीचं आणलं पण हेडला बाक आलाय हे बघितलंच नाही, सरळ पट्टी आणि फिलर गेजने मोजायचं असतं, बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरची मर्यादा असते, आपल्या गाडीची मॅन्युअलमध्ये बघा. हेड बोल्ट ताणून बसणाऱ्या प्रकारचे असतील तर एकदाच वापरायचे, जुने परत लावले की पुन्हा तेवढा दाब देत नाहीत. कसायचे मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. आणि हेड गॅस्केटला वरून सिलिकॉन लावायचं नाही, अजिबात नाही. सिलिकॉन जिथे सांगितलंय, उदाहरणार्थ ऑइल पॅनला, तिथेही बारीक रेघच, कारण आत दाबून गेलेले तुकडे तुटून ऑइलच्या जाळीत अडकतात आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं.

रिंगा आणि बेअरिंग मोजल्याशिवाय विकत घेऊ नका. सिलेंडर बोअर करून मोठा केला असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज रिंगा, क्रँक घासून घेतला असेल तर त्याच मापात अंडरसाइज बेअरिंग. स्टँडर्ड मापाचा ओरिजिनल सेट घासलेल्या क्रँकवर काहीच कामाचा नाही. वाल्वचे सील मागताना व्हिटॉनचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराचे, आहेत का विचारा, साधं रबर त्या उष्णतेत कडक होतं आणि गाडी परत निळा धूर सोडायला लागते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व. आपल्याकडे तो काढायचा सल्ला इतका सर्रास मिळतो, "यहाँ गर्मी है भिया, निकाल दो". काढू नका. इंजिन नीट तापतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून गारच आहे, मग पेट्रोल जास्त सोडतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, जुन्यावर ८२ असेल तर ८२ चाच आणा. घरी गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो का बघता येतं. आणि रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी नको, क्षार जमतात, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच. कूलंटचा रंग बघून प्रकार ठरवू नका, हिरवा-लाल हा नुसता रंग आहे, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि दोन प्रकार मिसळू नका.

काउंटरवर

मॉडेल आणि साल सांगून पार्ट मागू नका, आरसीवरचा चेसिस नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर निघतो, एकाच सालात अर्ध्यातून पार्ट बदललेले असतात. डब्यावर एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, पार्ट नंबर छापलेला हवा, स्टिकर डबल चिकटवलेलं नको. पक्कं बिल घ्या. आधी ज्या पार्टवर २८ टक्के जीएसटी होता त्यांवरही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्केच आहे, त्यामुळे "बिल के बिना सस्ता पडेगा" हे ऐकून घ्यायचं आणि बिल मागायचंच. बिलाशिवाय खराब पार्ट परत घेत नाहीत, माझा पंप तसाच अंगावर पडला.

दुकानातच जुना आणि नवा पार्ट शेजारी ठेवून मापा, आम्ही आता जुना पार्ट पिशवीत घालूनच जातो. आणि काम झाल्यावर तो लगेच भंगारात देऊ नका. नवीन पार्टवर हजारेक किलोमीटर होईपर्यंत जुना, डबा आणि बिल एकत्र बांधून ठेवा. कूलंटचं काम केलं असेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना लेव्हल परत बघा, पहिल्या रात्रीत ती थोडी खाली जातेच, तेवढी भरा. तिसऱ्या दिवशीही खाली गेली असेल तर कुठून तरी गळतंय, गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा, डाग कुठे पडतो ते सकाळी दिसेल.